आजाराचा खाडा : जुन्नर-आंबेगावच्या व्यवस्थापकांसाठी प्रस्तावना

एकाच आठवड्यात, एकाच तापानं अंथरूण धरलेली चार माणसं डोळ्यांपुढं आणा. पहिला आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या शासकीय आश्रमशाळेत शिक्षक आहे. दुसरा मंचरच्या एका मोठ्या दुकानात हिशेब लिहितो. तिसरी नारायणगावजवळच्या पॅकहाऊसमध्ये रोजंदारीवर द्राक्षं निवडते, पेट्या भरते. चौथी नवऱ्याबरोबर बीडहून ऊसतोडीला आली आहे आणि तळावरच्या कोपीत राहते. चौघांचाही ताप पाच दिवसांचा.

शिक्षक अर्ज टाकतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे त्याच्या खात्यात वर्षाला २० दिवसांची अर्धपगारी रजा जमा होत असते. डॉक्टरांचा दाखला जोडला की तिचीच परिवर्तित रजा होते, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात आणि पगार पूर्ण मिळतो. दुकानातल्या माणसाला वर्षाच्या ८ किरकोळ रजा. त्यातल्या ५ या तापात संपल्या, उरलेल्या तिनांत त्याला मुलांच्या शाळेपासून सोयऱ्यांच्या तेराव्यापर्यंत सगळं बसवायचं आहे. पॅकहाऊसमधल्या बाईचा पाच दिवसांचा रोज बुडाला, आणि सहाव्या दिवशी आपली जागा शिल्लक आहे की नाही हे तिला गेल्यावरच कळणार. ऊसतोडीच्या बाईच्या नावावर पाच खाडे पडले. म्हणजे तिला पाच दिवसांची मजुरी तर मिळाली नाहीच, वर मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीच्या रकमेत भर पडली.

या चौघांच्या वर बसलेली माणसं, म्हणजे मुख्याध्यापक, दुकानमालक, पॅकहाऊसचा सुपरवायझर आणि मुकादम, यांच्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. त्यातली बहुतेक मंडळी मनानं वाईट नाहीत. अडचणीत ती स्वतःच्या गाडीनं कामगाराला दवाखान्यात पोचवतात, खिशातून पैसे देतात. तरीही रजेच्या बाबतीत त्यांच्या हातून अन्याय होतो. कारण निर्णय त्या सकाळी, त्या माणसाकडे बघून, त्या दिवशी किती माल यायचा आहे याचा अंदाज घेऊन केला जातो. मर्जीतल्या माणसाला 'जा, पड घरी' आणि तोंडाळ माणसाला 'आधी सर्टिफिकेट आण'. आजारपणाच्या रजेतला न्याय कुणीही आजारी पडायच्या आधी ठरवावा लागतो, कागदावर लिहावा लागतो आणि सगळ्यांना माहीत असावा लागतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया एवढाच आहे. मात्र हा पाया आपल्या दोन तालुक्यांत घालणं का अवघड आहे, ते आधी पाहायला हवं.

कायद्यापासून सुरुवात करू. आजारपणाच्या पगारी रजेचा स्वतंत्र हक्क आपल्याकडच्या बहुसंख्य खासगी नोकरदारांना कोणत्याही कायद्यानं दिलेला नाही, हे अनेक व्यवस्थापकांनाही ठाऊक नसतं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा कायदा १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी झाला. त्यात ८ किरकोळ रजा आहेत, काम केलेल्या दर २० दिवसांमागे १ अशी हक्काची रजा आहे, सणाच्या सुट्ट्या आहेत. आजारपणासाठी वेगळा रकाना नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातही तो नव्हता. त्यात एक माणुसकीचं कलम मात्र होतं: कामगाराला शिल्लक हक्काची रजा आजारपणासाठी वापरायची असेल तर त्यानं मुदतीत अर्ज केला नाही म्हणून ती नाकारायची नाही. ताप पंधरा दिवस आधी कळवून येत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी मानलं होतं. आजही कित्येक ठिकाणी 'अर्ज आधी का दिला नाही' असं विचारलं जातं.

आजाराच्या काळात वेतन मिळण्याची खरी सोय झाली ती विम्यातून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, त्या काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला. जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ मध्ये आजारविमा आणला होता. त्या वाटेनं आपण स्वातंत्र्यानंतर गेलो. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आज महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात बसतो. मालक वेतनाच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या दीर्घ आजारांच्या यादीत बसणाऱ्याला ८० टक्क्यांनी पुढं बराच काळ मिळू शकते. पहिल्या दोन दिवसांचे पैसे साधारणपणे मिळत नाहीत, ते मालकानं द्यावेत असं माझं मत आहे. आपली आस्थापना या योजनेत येते का, आणि येत असेल तर कंत्राटदारानं आणलेल्या माणसांची वर्गणी खरोखर भरली जाते का, हे ज्या व्यवस्थापकानं स्वतः तपासलेलं नाही त्यानं पुढची पानं वाचण्याआधी ते तपासावं.

या योजनेच्या कायद्यानं एका प्रकारच्या कारखान्यांना सुरुवातीपासून बाहेर ठेवलं, आणि ती गोष्ट आपल्या भागाला फार लागू पडते. हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर आणि गूळ नावानिशी आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुन्या कायद्यांची नावं गेली, पण सामाजिक सुरक्षेच्या संहितेतही हंगामी कारखान्यांची ही सूट कायम आहे. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगरचा विघ्नहर, आंबेगावात दत्तात्रयनगरचा भीमाशंकर: दोन्ही तालुक्यांचं अर्थकारण ज्या उद्योगाभोवती फिरतं, तोच उद्योग या विम्याच्या कक्षेबाहेर आहे. कायम कामगारांना करारांतून रजा मिळतात. पण उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याला ना हा विमा, ना रजेचा करार.

इथं थोडं थांबायला हवं, कारण आजारपणाच्या रजेचा विषय या माणसांना वगळून लिहिण्याची रीत पडून गेली आहे. दर हंगामाला बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर तोडून फेडायची असते. मजुरी टनावर. कामावर न जाण्याचा दिवस म्हणजे खाडा, आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. बाईला पाळीच्या दिवसांत रक्तस्राव होत असेल, बाळंतपण होऊन थोडेच दिवस झाले असतील, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवरून चढताना पाय मुरगळला असेल, तरी हिशेबात ते सगळं एकसारखंच उमटतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यापुढं आलं तेव्हा दिवसाला ५०० रुपये दंडाची उदाहरणं सांगितली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं जी पाहणी आली तिच्यात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या आकड्यामागं अनेक कारणं आहेत, डॉक्टरांचा लोभ आहे, बालविवाह आहेत, फडावर शौचालय आणि पाणी नसणं आहे. पण त्यातलं एक कारण सरळ रजेचं आहे. दर महिन्याला दोन-तीन दिवस दुखणं येणार आणि प्रत्येक दिवसाचा दंड पडणार, यापेक्षा ते दुखणं मुळातूनच काढून टाकलेलं बरं, असं जिथं बाईला वाटतं तिथं रजेचा नियम शरीरावर कोरला जातो. महाराष्ट्रात आजारपणाच्या रजेवर लिहिणाऱ्यानं ही गोष्ट पहिल्या पानांत सांगितली पाहिजे, असं मला वाटतं.

'ते आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत' हे उत्तर कारखानदारीत सगळीकडे ऐकू येतं. कागदावर ते टिकतही असेल. पण तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, कोणत्या गटात कोणती टोळी जाणार हे त्याच्या चिटबॉयच्या वहीत असतं, वाहतूक ठेकेदाराशी करार कारखाना करतो. ज्याच्या हातात कामाचा क्रम आहे त्याच्या हातात आजाराचा नियमही असतो. वैद्यकीय अधिकाऱ्यानं किंवा आरोग्यसेविकेनं आजारी ठरवलेल्या दिवसाचा खाडा लावायचा नाही, बाळंतपणानंतरचे ठरावीक आठवडे बाईला फडात उतरवायचं नाही, एवढी दोन कलमं तोडणी-वाहतुकीच्या करारात घालायला कोणत्याही कारखान्याला मुंबईहून परवानगी आणावी लागत नाही. बॉयलर पेटण्याआधीच्या करारांच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, हे काम होऊ शकतं.

आता याच मातीतल्या दुसऱ्या मुकादमाकडे पाहू. मुंबईचे डबेवाले प्रामुख्यानं मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नरचे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम जगातल्या व्यवस्थापनाच्या शाळांत शिकवलं जातं. हार्वर्ड बिझनेस स्कूलनं २०१० मध्ये त्याच्यावर अभ्यासप्रकरण लिहिलं. लोक त्यात डब्यावरच्या खुणा आणि वेळेची अचूकता बघतात. मला त्यातली रजेची व्यवस्था महत्त्वाची वाटते. डबा रोज पोचलाच पाहिजे, आणि माणूस तर कधीतरी आजारी पडणारच. म्हणून प्रत्येक गटात गरजेपेक्षा काही माणसं जादा ठेवलेली असतात. मुकादम स्वतः डबे उचललेला असतो, गटातले रस्ते आणि इमारती त्याला तोंडपाठ असतात. कुणी पडला तर त्याची ओळ दुसरा घेतो किंवा मुकादम स्वतः सायकलवर बसतो. न कळवता गैरहजर राहणाऱ्याला दंड असतो. कळवलं तर व्यवस्था होते. आजार आणि बेफिकिरी यांच्यातली रेघ त्यांनी 'कळवलं की नाही' या एका साध्या प्रश्नावर ओढली आहे. आजाराचा संशय घेत बसायला त्यांना वेळच नाही.

या जादा माणसांचा खर्च सगळा गट मिळून सोसतो. व्यवस्थापक मला नेहमी विचारतात की रजा उदारपणे दिली तर काम कोण करणार. तो प्रश्न रास्त आहे. दोन शिक्षकी शाळेतला एक गुरुजी आजारी पडला तर दुसऱ्याला चार वर्ग सांभाळावे लागतात. दूध संकलन केंद्रावर पहाटे फॅट तपासणारा एकटाच असेल आणि तोच आला नाही, तर गवळी रांगेत उभे राहतात. अशा ठिकाणी आजारी माणसावरचा राग हा खरं तर आस्थापनेनं दुसरा माणूस तयार न केल्याचा राग असतो. प्रत्येक कामाला निदान एक बदली हात शिकवून ठेवणं हे व्यवस्थापकाचं काम आहे, आणि ते केलं नसेल तर त्याची भरपाई तापानं फणफणलेल्या माणसाकडून मागणं अन्यायाचं आहे. बदली काम करणाऱ्यालाही त्याचा मोबदला मिळायला हवा. नाहीतर आजारी माणसाविषयी सहकाऱ्यांच्या मनात अढी बसते, आणि ती वर्षानुवर्षं जात नाही.

डबेवाल्यांकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. चैत्राच्या सुमारास गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की ते सगळे मिळून काही दिवस सुट्टी घेतात, गिऱ्हाइकांना आधी सांगून. इकडे आपल्या तालुक्यांत काय होतं? गावची यात्रा, घाटातली बैलगाडा शर्यत, ओतूरला कपर्दिकेश्वराचे श्रावणी सोमवार, कांद्याची काढणी, भाताची लावणी. या दिवसांत मस्टरवर 'आजारी' असा शेरा वाढतो हे प्रत्येक व्यवस्थापकाला माहीत आहे, आणि त्यातूनच 'इथले लोक खोटं बोलतात' हे मत तयार होतं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींना मान्यता देणारा कायदा उचलून धरला, त्यानंतर हा हंगाम पुन्हा जोरात भरतो. ज्या माणसाच्या घरची बारी घाटात पळणार आहे तो त्या दिवशी कामावर येणार नाही. त्याला खरं सांगण्याची सोय द्या. यात्रेची एक रजा आणि शेतीकामाच्या दोन रजा आधी सांगून मिळतील असं वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा, कोणत्या गावची यात्रा कधी याचा तक्ता लावा. मग आजाराच्या रकान्यात आजारच उरेल. खोट्याचं मूळ बहुतेक वेळा खऱ्याला जागा नसण्यात असतं. याची व्यवस्थापनाला फारशी किंमतही मोजावी लागत नाही, कारण ती माणसं त्या दिवशी तशीही येत नव्हती.

दाखल्याचा प्रश्नही असाच आहे. एका दिवसाच्या जुलाबासाठीही डॉक्टरचं सर्टिफिकेट मागणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. आहुपे, हातवीज किंवा इंगळूनसारख्या गावात राहणाऱ्या माणसाच्या बाजूनं याचा विचार करा. अंगात ताप असताना त्यानं एसटीच्या मोजक्या फेऱ्यांपैकी एक पकडून घोडेगाव किंवा जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात यायचं, रांगेत बसायचं, कागद घ्यायचा आणि परत जायचं. त्या कागदासाठी त्याचा एक दिवस आणि भाडं गेलं, आराम मिळाला नाही तो नाहीच. यातूनच पैसे टाकून दाखला देणाऱ्यांचं दुकान चालतं. ब्रिटनमध्ये आजाराच्या पहिल्या सात दिवसांपर्यंत कामगाराचं स्वतःचं निवेदन पुरतं, त्यानंतर डॉक्टरांचा कागद लागतो. जर्मनीत साधारणपणे तीन दिवसांपेक्षा जास्त आजारपण असेल तर दाखला लागतो, आणि सहा आठवड्यांपर्यंतचं वेतन मालक देतो. आपल्याकडे निदान पहिले तीन दिवस फोनवर कळवलेलं पुरे मानावं, असा आग्रह या पुस्तिकेत धरला आहे. पुढं दाखला मागावा, आणि तो जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरचा चालावा. साहेबाच्या ओळखीच्याच डॉक्टरचा हवा, असा हट्ट नको.

तीन दिवस विश्वासानं दिले तर लोक त्याचा गैरफायदा घेतील, असं वाटणं स्वाभाविक आहे. काही जण घेतीलही. त्यासाठी नोंदी असतात. वर्षभरात एखाद्याच्या रजा दर सोमवारी किंवा पगाराच्या दुसऱ्या दिवशी पडत असतील तर त्याला एकट्याला बोलावून ती नोंद त्याच्यापुढं ठेवावी आणि काय चाललं आहे ते विचारावं. या विचारण्यातून कित्येकदा दारूचं व्यसन, घरातलं आजारी माणूस किंवा लपवलेला मधुमेह बाहेर येतो. चौकात, चहाच्या टपरीवर, 'याला दर सोमवारी ताप येतो' असं बोलून काहीच सुटत नाही.

आणि इथंच आपल्या भागाची खास अडचण येते. शहरातल्या कंपनीत व्यवस्थापक आणि कामगार संध्याकाळी वेगवेगळ्या दिशांना जातात. इथं ते एकाच भावकीतले असतात, एकाच गावच्या यात्रेच्या कमिटीत असतात, सोसायटीच्या निवडणुकीत समोरासमोर उभे असतात. सहकारी संस्थेत संचालकाचा फोन आला की एकाची रजा मंजूर होते आणि दुसऱ्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. म्हणूनच लिखित नियम शहरापेक्षा आपल्याला जास्त लागतात. ते कामगाराचं रक्षण करतात तसंच व्यवस्थापकाचंही करतात, कारण फोन करणाऱ्याला त्याला म्हणता येतं, 'दादा, नियम हा आहे, तुमच्या माणसालाही हाच.'

आजार काय आहे हेही गावात लपत नाही. मस्टरवर क्षयाचं नाव लिहिलं की संध्याकाळपर्यंत ते वेशीपर्यंत पोचतं आणि घरातल्या मुलीचं लग्न अडतं. रजेच्या नोंदीत 'वैद्यकीय' एवढाच शब्द असावा. दाखला बंद पाकिटात एकाच माणसाकडे राहावा. मानसिक आजाराच्या बाबतीत तर हे दुपटीनं पाळावं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं वागवण्याचं तत्त्व मांडलं आहे, पण 'डोक्यावर परिणाम झालाय' हा शेरा आजही माणसाची नोकरी घालवतो.

दूध आणि फळांच्या धंद्यात या सगळ्याला एक वेगळी धार आहे. मंचरच्या परिसरात मोठे दूधप्रकल्प आहेत, नारायणगावला टोमॅटोचा बाजार आहे, द्राक्षं परदेशी जातात. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाला अन्न हाताळू द्यायचं नसतं, कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायची असते. ऑडिटर आला की या नियमांचे फलक भिंतीवर दिसतात. पण ज्या बाईचा रोज बुडणार आहे ती जुलाब अंगावर काढून, गोळी खाऊन कामावर येते आणि कुणाला सांगत नाही. माल सुरक्षित असावा असं वाटत असेल, तर तिला घरी थांबल्याचे पैसे मिळाले पाहिजेत. घरी थांब म्हणायचं आणि पैसे कापायचे, यात कायद्याचं पालन फक्त फलकावर राहतं.

लांबणाऱ्या आजारांसाठी या पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथं थोडक्यात. आपल्याकडे त्यात शेतातले आणि रानातले अपघातही मोडतात. उसात बिबट्या दबा धरतो, पहाटे पाणी द्यायला गेलेल्या माणसाला साप चावतो. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांवर आयुष्यभर काम केलं आणि अनेकांचे प्राण वाचले. पण घोणस चावलेल्या माणसाची किडनी सावरायला किंवा नाग चावल्यावर सडलेली जखम भरायला आठवडे जातात, आणि जीव वाचवणारा डॉक्टर त्याची नोकरी वाचवू शकत नाही. ती व्यवस्थापकानं वाचवायची असते. क्षयाच्या रुग्णाला औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टर कामाची परवानगी देतात. तेव्हा त्याला परत घेण्याऐवजी सहा महिने घरी बसवणं हे भीतीपोटी होतं. परत येणाऱ्याला पहिले काही दिवस हलकं काम द्यावं, बसून करायचं द्यावं, आणि हे त्याच्यावर उपकार केल्यासारखं बोलून दाखवू नये.

नोकरीवरून काढण्याविषयी दोन निकाल प्रत्येक व्यवस्थापकाला माहीत हवेत. स्थायी आदेशांत इतके दिवस न कळवता गैरहजर राहिला तर त्याचा कामावरचा हक्क संपतो, असं कलम असतं आणि ते वापरून आजारी माणसाचं नाव मस्टरवरून उडवलं जातं. डी. के. यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये सांगितलं की असं कलम असलं तरी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय, चौकशीशिवाय त्याची नोकरी संपवता येत नाही. त्या कामगाराला न्यायालयानं निम्म्या मागील वेतनासह परत घ्यायला लावलं. २०१२ च्या कृष्णकांत परमार प्रकरणात आणखी एक पाऊल पुढं जाऊन म्हटलं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झालं तरच ती गैरवर्तन ठरते. माणूस आजारपणामुळे किंवा दवाखान्यात दाखल असल्यामुळे येऊ शकला नसेल, तर ते जाणूनबुजून नव्हे. विमा योजनेच्या १९४८ च्या कायद्यानंही आजाराचा लाभ घेत असलेल्या कामगाराला काढायला किंवा शिक्षा करायला बंदी घातली होती. या तीन गोष्टी माहीत असत्या तर अनेक संस्थांचा कामगार न्यायालयातला खर्च वाचला असता.

बायकांच्या आजाराविषयी बोलायला आपले पुरुष व्यवस्थापक अजून अवघडतात, आणि अवघडलेपणाचा तोटा बायकांना होतो. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे पगारी रजा होती, गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिना. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, या बाकीच्या रजा मात्र फार थोड्यांना माहीत असतात. गर्भ पडलेली बाई दोन दिवसांनी कामावर येते आणि 'जरा बरं नव्हतं' म्हणते, कारण तिला अर्जात काय लिहायचं ते कळत नाही. तिच्यासाठी तिथं एखादी बाई असावी जिच्याकडे ती बोलू शकेल आणि जिच्या सहीनं रजा मंजूर होईल.

या पुस्तिकेत नमुना अर्ज, नोंदवहीचे रकाने आणि लहान आस्थापनांसाठी एका पानाचे नियम दिले आहेत. दहा माणसांच्या दुकानाला आणि पाचशे माणसांच्या प्रकल्पाला तेच रकाने पुरणार नाहीत, म्हणून ते तुमच्या कामाप्रमाणे बदला. पण चार गोष्टी त्यात राहू द्या: कुणाला फोन करायचा, किती दिवस दाखल्याविना चालतील, किती दिवसांचे पैसे मिळतील आणि निर्णय पटला नाही तर कुणाकडे जायचं. रोजंदारीवरच्या आणि कंत्राटातल्या माणसांसाठीचा रकाना रिकामा ठेवू नका, भले सुरुवातीला त्यात वर्षाचे दोनच पगारी दिवस लिहिता आले तरी चालतील. कागद मराठीत आणि मोठ्या अक्षरांत मस्टरशेजारी लावा. लावण्याआधी सगळ्या पाळ्यांतल्या माणसांना गोळा करून तो वाचून दाखवा, ते ज्या दुरुस्त्या सुचवतील त्या ऐका, आणि त्यानंतरच त्याच्यावर सही करा.